हार्वर्डची फुकट रिझ्युमे-पुस्तिका आणि आमची डिप्लोमाची मुलं

मी पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या वर्षाला इंग्रजी आणि कम्युनिकेशन स्किल्स शिकवते. कॉलेज सोलापूर जिल्ह्यातलं, मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, थोडी सेमीची. इंग्रजीच्या बाई म्हणून तिसऱ्या वर्षाचे रिझ्युमे तपासायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. टीपीओ, म्हणजे मुलांच्या नोकऱ्यांचं बघणारे सर, एकदा "मॅडम, जरा नजर टाका" म्हणाले, तेव्हापासून नजर काढायला उसंत मिळालेली नाही. त्यामुळे रिझ्युमे शिकवायची जी जी साधनं हाताला लागली, ती सगळी मी मुलांवर वापरून बघितली. त्यातलं टिकलं ते एकच: अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या करिअर केंद्राची रिझ्युमे आणि कव्हर लेटरची (अर्जासोबतच्या पत्राची) पीडीएफ. या केंद्राचं आताचं नाव मिन्योन सेंटर फॉर करिअर सक्सेस. पुस्तिका त्यांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे.

हार्वर्डचं नाव ऐकून स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. "मॅडम, आपली पोरं चाकणला जाणार, बॉस्टनला नाही." खरंय. तरीही सांगते.

आधी मुलं काय घेऊन येतात ते बघा. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्डची एक फाइल आहे, तिचा मूळ कर्ता कोण हे कुणालाच माहीत नाही. वर ठळक अक्षरात 'करिक्युलम व्हिटाय'. खाली करिअर ऑब्जेक्टिव्ह: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधायची आहे, अशा अर्थाचं, दम लागेल एवढं लांब इंग्रजी वाक्य. मग दहावी, बारावी, डिप्लोमाच्या टक्क्यांचं टेबल. मग स्ट्रेंग्थ्स: हार्ड वर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, लिंग, धर्म, वैवाहिक स्थिती, मातृभाषा. छंद: लिसनिंग म्युझिक, प्लेइंग क्रिकेट. उंची आणि रास तेवढी वाढवली की हाच कागद स्थळं बघायलाही चालेल. दुकानदार नाव आणि टक्के बदलून प्रिंट काढून देतो. अख्ख्या वर्गाचे रिझ्युमे एकत्र ठेवले तर कोणता कुणाचा हे फक्त नावावरून कळतं. मुलं आळशी आहेत असं मुळीच नाही. रिझ्युमे हा फॉर्म आहे आणि फॉर्म भरायचा असतो, एवढंच त्यांना आजवर कुणीतरी सांगितलेलं असतं.

पुस्तिकेत सुरुवातीलाच भाषेबद्दल थोडक्यात सांगितलंय. मोघम लिहू नका, नेमकं लिहा. कर्मणी नको, कर्तरी लिहा. छाप पाडायला नाही, कळावं म्हणून लिहा. जमेल तिथे आकडे द्या. वाचणारा भरभर नजर फिरवणार आहे हे धरून चाला. त्याबरोबर काय करू नये याची यादी: 'आय', 'माय' नको, संक्षेप नको, गोष्ट सांगितल्यासारखे परिच्छेद नको, फोटो नको, वय आणि लिंग नको, ओळखीच्या माणसांची संदर्भयादी नको, ओळीची सुरुवात तारखेने नको. या एका यादीनेच झेरॉक्सच्या फाइलचा निम्मा मजकूर गळून पडतो.

पण माझ्या मते पुस्तिकेतलं खरं सोनं आहे क्रियापदांच्या यादीत. नेतृत्व, संवाद, संशोधन, तांत्रिक काम, शिकवणं, आकडेमोड, सर्जनशील काम, मदत, संघटन असे गट पाडून प्रत्येकाखाली भूतकाळी क्रियापदं दिली आहेत. आमची मुलं 'तांत्रिक'वर सगळ्यात आधी थांबतात. असेम्बल्ड, फॅब्रिकेटेड, इन्स्टॉल्ड, रिपेअर्ड, ओव्हरहॉल्ड. हे शब्द त्यांना वर्कशॉपमुळे ओळखीचे असतात. फक्त ते 'इंग्रजीत' लिहायचे असतात असं कधी वाटलेलं नसतं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती इंग्रजी शिकवणाऱ्या इतरांच्याही कामाची आहे. डिप्लोमाची मुलं तीन वर्षं प्रॅक्टिकलची जर्नल्स लिहितात. जर्नलमधलं इंग्रजी ठरलेलं: 'कनेक्शन्स वेअर मेड अ‍ॅज पर द सर्किट डायग्रॅम', 'रीडिंग्ज वेअर टेकन'. कनेक्शन कुणी केलं, रीडिंग कुणी घेतलं, त्याचा पत्ता नाही. जर्नलला ते शोभतं, मार्कही मिळतात. पण मुलाने आयुष्यात सर्वांत जास्त लिहिलेलं इंग्रजी तेच असतं, आणि रिझ्युमे लिहायला बसला की हात आपोआप तिकडे वळतो. 'प्रोजेक्ट वॉज कम्प्लिटेड.' अरे, कुणी केला? क्रियापदांची यादी नेमकी हा प्रश्न विचारायला लावते. ओळीची सुरुवात क्रियापदाने करायची म्हटलं की करणारा कोण हे आधी ठरवावं लागतं.

गेल्या बॅचमधली इलेक्ट्रिकलची एक मुलगी. तिची ओळ होती, 'आवर प्रोजेक्ट इज ड्राय रन प्रोटेक्शन ऑफ पंप.' बोअरचं पाणी संपलं की मोटरचा करंट घटतो. तो ओळखून रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचने, सप्लाय तोडायचा, म्हणजे मोटर कोरडी चालून खराब होत नाही. शेतकऱ्याच्या घरातलं, कामाचं प्रोजेक्ट. मी यादी तिच्या पुढ्यात सरकवली.

"यातलं तू काय केलंस?"

"मॅडम, ग्रुप प्रोजेक्ट होता."

"ते कळलं. तू काय केलंस?"

"सगळ्यांनी मिळूनच केलं, मॅडम."

"बोर्ड कुणी बनवला?"

"बोर्ड मी. पण ते काय, नुसतं सोल्डरिंग."

"पहिल्या झटक्यात चालला?"

"नाही ना. रिले ट्रिपच होत नव्हता. सर म्हणाले रिले बदला, पण मी मल्टिमीटर लावून एकेक पॉइंट बघत गेले. एक जॉइंट ड्राय निघाला."

ड्राय जॉइंट म्हणजे सोल्डर नीट न धरलेला जोड. आता हे बोलणं कागदावर कसं उतरलं ते बघा: 'असेम्बल्ड अँड सोल्डर्ड द कंट्रोल बोर्ड फॉर अ ड्राय-रन प्रोटेक्शन युनिट ऑन अ 3 एचपी पंप, ट्रेस्ड अ रिले फॉल्ट टू अ ड्राय जॉइंट अँड रिपेअर्ड इट.' यातला एकही शब्द तिला अवघड नाही. व्याकरणही सोपं, सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात. आणि मुलाखतीत समोरच्या इंजिनिअरने याच ओळीवर बोट ठेवून ड्राय जॉइंट कसा ओळखलास असं विचारलं, तेव्हा ती अडखळत का होईना, इंग्रजीत सांगू शकली, कारण ते तिने स्वतः केलं होतं. 'हार्ड वर्किंग'बद्दल कुणी काय विचारणार?

'सगळ्यांनी मिळून केलं' या उत्तराशी मात्र दरवर्षी झगडावं लागतं. आपल्याकडे स्वतःचं काम स्वतः सांगणं म्हणजे बढाई, हे घरातूनच शिकवलेलं असतं. मुली तर जास्तच मागे सरतात. पुस्तिका अमेरिकन मुलांसाठी लिहिलेली, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नसावी. इथे ते काम शिक्षकाला करावं लागतं, आणि ते मराठीतच होतं. मी मुलांच्या जोड्या लावते. एकाने नुसतं विचारत राहायचं, 'तू काय केलंस, कशाने केलंस, किती केलंस?' दुसऱ्याने मराठीत उत्तरं द्यायची. उत्तर कागदावर आलं की मग यादीतून क्रियापद शोधायचं. संगणक तोवर बंद. लॅब असिस्टंटला हे पटत नाही, पण त्यांना बरेच प्रकार पटत नाहीत.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. पुस्तिकेत नमुन्याचे रिझ्युमे आहेत. त्यात नोकरीइतकंच वजन कॉलेजमधल्या उपक्रमांना दिलंय, संस्था-मंडळांमधलं काम वेगळ्या मथळ्याखाली नीट मांडलंय. याचा फायदा आमच्या एका मुलाला असा झाला की त्याने घरचं दूध संकलन केंद्र रिझ्युमेत आणलं. आधी ते कुठेच नव्हतं, छंदात क्रिकेट होतं. पहाटे उठून केंद्र उघडायचं, प्रत्येकाच्या दुधाचा फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मशीनवर काढायचा, नोंदी ठेवायच्या, दहा दिवसांनी हिशेब करून पैसे वाटायचे. एवढं सगळं करणारा मुलगा मला सांगत होता की त्याला 'एक्स्पीरियन्स' नाही! त्याला वाटत होतं, घरचं काम सांगितलं की हसतील. ती ओळ आता त्याच्या रिझ्युमेत प्रोजेक्टच्या लगेच खाली आहे, मशीनच्या कॅलिब्रेशनसह.

आकड्यांबद्दल सावध राहा. पुस्तिका आकडे द्या म्हणते आणि ते योग्यच आहे. पण मुलांनी हे ऐकलं की एफिशियन्सी 40 टक्क्यांनी वाढते, खर्च 30 टक्क्यांनी घटतो, तेही मोजमाप न करता. चॅटजीपीटीकडून लिहून आणलेल्या रिझ्युमेत तर असे टक्के हमखास सापडतात, सोबत 'स्पिअरहेडेड' आणि 'लिव्हरेज्ड'. माझ्याकडे नियम साधा: जो आकडा तू डोळ्यांनी बघितलास किंवा हाताने मोजलास तोच लिहायचा. मोटर किती एचपीची, बोर्ड किती, ट्रेनिंग किती आठवड्यांचं. बस. जड क्रियापदाचा मोहही तसाच. स्नेहसंमेलनाचे बॅनर बांधले त्याला एकाने 'एक्झिक्युटेड ब्रँडिंग स्ट्रॅटेजी' केलं होतं. बॅनर बांधले ते 'इन्स्टॉल्ड'. यादीत तो शब्द आहे.

आता कुठे जमत नाही ते. नमुन्यांत गुण 4.0 पैकी जीपीएने (सरासरी गुणांकाने) दिलेले आहेत, आपल्याकडे एमएसबीटीईचे (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचे) टक्के. टक्केच लिहा, 4 मध्ये रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. दहावीचे गुण त्या नमुन्यांत असायचं कारणच नाही, पण आपल्याकडे कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावीपासून साठ टक्के आणि बॅकलॉग नाही अशी अट लावतात, त्यामुळे शिक्षणाच्या भागात ती एक ओळ ठेवावीच लागते. टेबल मात्र नको. संक्षेप नको हा नियम पाळताना आमची तारांबळ उडते, कारण 'ई अँड टीसी' (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) आणि 'एमएसबीटीई' मुलांच्या तोंडात पूर्ण नावाने कधी आलेलंच नसतं. पण एकदा पूर्ण लिहिलेलं बरं. पुण्यातल्या एचआरला एमएसबीटीई कळेल, तमिळनाडूतल्या होसूरच्या एचआरला कळेलच असं नाही.

वय, लिंग, फोटो वगळण्यामागे अमेरिकेतले भेदभावविरोधी कायदे आहेत. 1964 चा नागरी हक्क कायदा, 1967 चा वयाबाबतचा कायदा. अर्जदाराची अशी माहिती आपल्या हातातच नको, असं तिथल्या मालकाला वाटतं. आपल्याकडे कॅम्पस ड्राइव्हच्या (कंपनीच्या भरतीच्या) गूगल फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि लिंग दोन्ही विचारतातच. मग रिझ्युमेत पुन्हा कशाला? मी काढायलाच लावते. धर्म आणि वैवाहिक स्थिती तर पहिल्या फटक्यात. पत्ता मात्र पूर्ण गाळत नाही. 'मुक्काम पोस्ट' वगैरे नको, पण गाव, तालुका, जिल्हा असू द्या, कारण चाकण-रांजणगावचे लोक मुलगा राहायला कुठे असणार हे विचारतातच. खालचं ते 'आय हिअरबाय डिक्लेअर' आणि सही पुस्तिकेच्या नमुन्यांत नाही आणि खासगी नोकरीला नकोच. ज्या सरकारी अर्जात घोषणा लागते तिथे ती त्यांच्याच नमुन्यात असते.

कागदाचा आकार ही बारीकशी गोष्ट, पण छपाईला घात करते. अमेरिकन लेटर साइज 8.5 बाय 11 इंच, आपला ए-4 त्याहून अरुंद आणि उंच. मुलं तिकडचा नमुना उचलून त्यावर लिहितात, प्रिंट काढताना उजवीकडच्या तारखा कडेला जातात नाहीतर दुसऱ्या पानावर एक ओळ लोंबते. आधी पेज सेटअपमध्ये जाऊन ए-4 करा, मग एक अक्षर टाइप करा.

आणखी एक अडचण: पुस्तिकेचं इंग्रजी. सूचना थोडक्यात आहेत, पण शब्द सगळे सोपे नाहीत. आणि नमुन्यांतली मुलं संशोधन, प्रबंध, परदेशी इंटर्नशिप करणारी. पहिल्यांदाच सगळी पुस्तिका वाटली तर चेहरे पडतात, "मॅडम, हे आपल्यासाठी नाही." म्हणून मी सुरुवातीला फक्त दोन पानं झेरॉक्स करून देते, क्रियापदांचं आणि करा-करू नकाचं. नमुना दाखवायचा तो शेवटी, तोही मांडणी बघायला.

बाकी साधनांबद्दल थोडक्यात, कारण मला तेच विचारलं जातं. कॅन्व्हा हे डिझाइनचं संकेतस्थळ मुलांना फार आवडतं. गोल फोटो, रंगीत पट्टी, 'इंग्लिश' पुढे ऐंशी टक्के भरलेली रेघ. ऐंशी टक्के इंग्रजी म्हणजे काय हे मला इतकी वर्षं इंग्रजी शिकवून कळलेलं नाही. शिवाय दोन कॉलमचा मजकूर काही नोकरीच्या पोर्टलांना सरळ वाचता येत नाही, डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. कॉलेजच्या फेस्टचं पोस्टर करायला उत्तम. गूगल डॉक्समध्ये सेरिफ, स्विस वगैरे तयार नमुने आहेत. त्यातला सेरिफ बरा, पण आम्ही कोऱ्या पानावरच लिहितो.

पर्ड्यू विद्यापीठाची ओडब्ल्यूएल ही ऑनलाइन रायटिंग लॅब शिक्षकांनी जरूर वाचावी. मूळ लॅब 1976 पासूनची, रिझ्युमेच्या प्रत्येक भागावर सविस्तर लिहिलंय, 'का' याचं उत्तर तिथे मिळतं. मुलांना मात्र एवढं वाचायला लावलं तर ती पळून जातील. युरोपियन युनियनचा युरोपास हा सीव्ही-नमुना 2005 पासून आहे, 2020 मध्ये नव्या रूपात आला. फॉर्म भरत गेलात की सीव्ही तयार होतो. तो मी एरवी सुचवत नाही, कारण पुन्हा फॉर्मच भरला जातो. पण 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगारांसाठी करार केल्यापासून मुलं जर्मनीबद्दल विचारतात, आणि तिकडे भाषेची पातळी ए-1 ते सी-2 अशी सांगावी लागते. युरोपासमध्ये ती जागा नीट आखलेली आहे. त्या मुलांनी तोही भरावा. जर्मनीत सीव्हीवर फोटो लावायची जुनी पद्धत आहे, तेवढ्यापुरतं हार्वर्डचं ऐकू नका.

पैसे घेऊन रिझ्युमे शिकवणाऱ्या एका संस्थेची कार्यशाळाही आमच्याकडे झाली. नाव घेत नाही. एसी हॉल, प्रोजेक्टर, कॉर्पोरेट टाय, आणि शेवटी सगळ्यांना एकच टेम्प्लेट पेनड्राइव्हवर. करिअर ऑब्जेक्टिव्हचं वाक्य झेरॉक्सच्या दुकानातलंच, फक्त फॉन्ट चांगला.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा अमेरिकन मापांसाठी कापला, अर्धा आमच्या मुलांना एकट्याने वाचता येत नाही म्हणून. इंग्रजी माध्यमाची, पदवीची मुलं असतील तर साडेचार द्यायला हरकत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला घरी पाठवून 'ही पीडीएफ वाच' म्हटलं तर मात्र काही उपयोग होणार नाही. कुणीतरी समोर बसून 'तू काय केलंस' हे विचारणारं लागतं. ताई, दादा, मावशी, शेजारचे बँकेतले काका, कुणीही चालेल, इंग्रजी यायलाच हवं असं नाही.

कव्हर लेटरचा भाग मी शिकवत नाही. कॅम्पसला कुणी मागत नाही. बाहेर अर्ज करणाऱ्यांना ईमेलच्या मजकुरात चार ओळी पुरतात: कोणत्या जागेसाठी, काय शिकलोय, प्रोजेक्टमधली एक गोष्ट, कधीपासून येऊ शकतो. रिझ्युमे पीडीएफमध्ये जोडा, फाइलचं नाव स्वतःचं पूर्ण नाव आणि शाखा. 'फायनल न्यू 2' नको. आणि ईमेलचा पत्ता 'रॉयल', 'किंग', 'भाई' यांच्याशिवायचा काढा, दोन मिनिटं लागतात.

पुस्तिका केंद्राच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रती बऱ्याचदा जुन्या असतात. त्यांच्यावर केंद्राचं आधीचं नाव, ऑफिस ऑफ करिअर सर्व्हिसेस, छापलेलं दिसेल. क्रियापदांची यादी त्यातही आहे, त्यामुळे जुनी हाताशी असेल तर तिनेही काम भागतं.